‘बारा महिने मैदानाबाहेर’ एवढेच पुरेसे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या ज्या त्रोटक बातम्या अधूनमधून आपल्या क्रीडा पानावर येतात, त्यांत जखमी खेळाडूविषयी ‘बारा महिने मैदानाबाहेर’ असे एक वाक्य असते आणि त्यानंतर वाचायला मिळते ती थेट त्याच्या पुनरागमनाची बातमी. मेलबर्नमध्ये बरीच वर्षे राहणारा आणि मुलीला दर आठवड्याला ‘फूटी’च्या (इथे या खेळाला असेच म्हणतात) सरावाला नेणारा बाप म्हणून मला या दोन बातम्यांच्या मधल्या काळाविषयी लिहावेसे वाटते.

क्रिकेटच्या मैदानाएवढ्या लंबवर्तुळाकार मैदानावर अठरा-अठरा जणांचे संघ खेळतात. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज धावतो, आणि ‘मार्क’ घेण्यासाठी, म्हणजे लाथेने उडवलेला चेंडू हवेतच झेलण्यासाठी, गर्दीतून उंच उडी मारून अनेकदा एकाच पायावर खाली येतो. अशा वेळी गुडघा पिळवटला, तर आतला एसीएल हा लिगामेंट, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जोडून गुडघा स्थिर ठेवणारा पट्टा, तुटतो. शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाच्याच मांडीमागचा कंडरा काढून तिथे बसवतात. तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत बळकट होण्याऐवजी आधी कमकुवत होतो. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, चालणे सुधारलेले असते आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटू लागते. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका लक्षणीय वाढतो, हे संशोधनातूनही दिसले आहे.

कार्लटन क्लबचा सॅम डॉकर्टी 2017 मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवडला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरावात त्याचा एसीएल तुटला. वर्षभर मेहनत करून तो डिसेंबर 2018 मध्ये मोसमपूर्व सरावाला उतरला, तेव्हा एसीएल पुन्हा तुटला. दोन मोसम सामन्याविना गेले, तरी 2019 मध्ये क्लबने त्याला सहकर्णधार केले आणि 2020 मध्ये तो परतला. सिडनी स्वान्स क्लबच्या अ‍ॅलेक्स जॉन्सनची कहाणी तर याहून कठीण आहे. 2012 चे विजेतेपद मिळवल्यानंतर पुढच्याच मोसमपूर्व काळात त्याचा डावा गुडघा गेला, त्या एका गुडघ्यावर एसीएल नव्याने बसवण्याच्या पाच शस्त्रक्रिया झाल्या आणि 2,136 दिवसांनी, ऑगस्ट 2018 मध्ये, तो पुन्हा खेळला. परतल्यावरच्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचा एसीएल तुटला. त्या दिवशी आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा मोसमपूर्व सराव ही अशा खेळाडूची खरी परीक्षा असते. माझ्या मुलीच्या संघातली एक मुलगी सध्या ती देत आहे. इतर मुली दोन किलोमीटरची धाव वेळ लावून पळतात, तेव्हा ती कडेला खडूने आखलेल्या रेघेवरून एका पायावर उडी मारते, फिजिओ टेपने अंतर मोजतो, मग दुसरा पाय. गेल्या गुरुवारी शस्त्रक्रिया झालेला पाय हातभर मागे पडला. सरळ धावणे तिला केव्हाच जमू लागले आहे. अचानक वळणे आणि अंगावर कोणी येत असताना उडी मारणे अजून बाकी आहे, आणि कॅलेंडरमध्ये दहावा महिना उलटला तरी प्रशिक्षकाने तिचे नाव सराव सामन्याच्या यादीत घातलेले नाही. मला त्या प्रशिक्षकाचा आदर वाटतो.

म्हणून विनंती अशी की, दुखापतीच्या बातमीत परतण्याचा महिना ठरल्यासारखा छापू नये. खेळाडू धावू लागला आहे, वळू लागला आहे की अंगाला अंग भिडणाऱ्या सरावात उतरला आहे, एवढे एका ओळीत दिले तरी चालेल. हे कबड्डीपटूंच्या बातम्यांनाही तितकेच लागू आहे, कारण तिथेही गुडघे असेच जातात.

आपला,
एक वाचक, मेलबर्न