विद्यापीठाची खरेदी: पैसे मागणीपत्रावरच अडवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विद्यापीठाची खरेदी ‘पेपरलेस’ झाल्याचे जाहीर होते, तेव्हा बऱ्याच ठिकाणी टिपणी तीच असते आणि नऊ सह्याही त्याच असतात. पूर्वी शिपाई फाइल न्यायचा, आता पीडीएफ फिरते, एवढाच फरक. पैसा हाताबाहेर जातो तो मागणी आणि देयक यांच्या मधल्या काळात. तिथे या पीडीएफचा काहीच उपयोग नाही.

समजा, एका प्रकल्पाच्या लेखाशीर्षाखाली तरतुदीपैकी ४० टक्के रक्कम शिल्लक दिसते. त्यातले ३५ टक्के दोन खरेदी आदेशांपोटी आधीच गुंतलेले आहेत. पण देयके आलेली नाहीत, म्हणून हिशेबात त्यांचा पत्ता नाही. तिसरा संशोधक ४० पाहून २० टक्क्यांची मागणी नोंदवतो. तीन महिन्यांनी तिन्ही देयके एकदम येतात आणि लेखा विभाग इकडून तिकडून वळते करत बसतो. नीट बसवलेल्या प्रणालीत मागणीपत्र सादर होताच रक्कम राखीव होते, आदेश निघाला की ती बांधील खर्चात दिसते आणि देयक मंजूर झाले की प्रत्यक्ष खर्चात जाते. हा एकच नियम बसला तरी निम्मे भांडण मिटते.

त्याची दुसरी बाजू मात्र सॉफ्टवेअरचे विक्रेते सांगत नाहीत. बारापैकी दहा बाटल्या आल्या, उरलेल्या दोन येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, पण आदेश कुणी बंद केला नाही, तर त्या दोन बाटल्यांची रक्कम अडकून राहते. असे अर्धवट आदेश साठत गेले की तरतूद असूनही पडद्यावर ‘निधी अपुरा’ उमटते आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. उघड्या आदेशांची यादी दर महिन्याला संबंधित विभागाकडे जायलाच हवी, आणि आदेश बंद करण्याचा अधिकार कुणाचा हेही आधी ठरायला हवे.

आदेश, आवक नोंद आणि देयक यांची तिहेरी पडताळणी हा स्वयंचलनाचा कणा आहे. ती कोलमडते फार क्षुल्लक कारणाने. आदेशात हातमोज्यांचा ‘१ खोका’, भांडारातल्या माणसाने मोजून ‘१०० नग’ आवक घेतली, देयकात पुन्हा ‘१ खोका’. यंत्राच्या लेखी ९९ नगांची तफावत, देयक स्थगित. दिवसाला अशी तीसेक प्रकरणे अडली की वैतागून कुणीतरी तफावतीची मुभा २ टक्क्यांवरून इतकी वर नेऊन ठेवतो की काहीच अडत नाही. त्या दिवसापासून पडताळणी नावालाच उरते. उपाय मुभा वाढवण्यात नाही. वस्तूच्या मूळ नोंदीत १ खोका म्हणजे १०० नग हे रूपांतर भरून ठेवायचे असते. काम कंटाळवाणे आहे आणि ते प्रणाली सुरू होण्याआधीच करावे लागते.

पुरवठादारांच्या यादीचेही तेच. एकच पुरवठादार ‘अँड कंपनी’, ‘आणि कं.’ आणि ‘अ‍ॅण्ड को.’ अशा तीन नोंदींत असेल, तर दुबार देयक पकडणारी तपासणी आंधळी होते, कारण ती पुरवठादार क्रमांक, देयक क्रमांक, तारीख आणि रक्कम यांची जुळणी करते. देयक क्रमांक एकदा ‘००४५’ आणि एकदा ‘४५’ असा टंकला गेला तरी पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून तुलना करताना आधीची शून्ये, तिरप्या रेघा आणि मोकळ्या जागा वगळण्याची सोय आहे का, हे प्रात्यक्षिकातच विचारावे. बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करूनच खात्री करावी. त्या ईमेलमधल्या क्रमांकावर कधीही नाही. पुरवठादाराची नोंद करणारा आणि पैसे सोडणारा माणूस एकच नसावा, हे सांगायची गरज पडू नये. पण पडते.

निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे पाडणे हा जुना उद्योग. प्रत्येक मागणी सुटी तपासली तर तो दिसत नाही. मागच्या ९० दिवसांतली त्याच प्रकारची खरेदी एकत्र मोजली तर लगेच दिसतो. त्यासाठी वस्तूंना संकेतांक हवेत. यूएनएसपीएससी ही वस्तू-सेवांची आठ अंकी, चार स्तरांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी तयार आहे. संशोधक मात्र ‘प्रयोगशाळा साहित्य’ एवढेच लिहून मोकळा होतो, आणि विश्लेषणात सर्वांत मोठा वर्ग ‘इतर’ निघतो. रसायनांसाठी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, सक्तीचा करावा. त्यात शेवटी तपासणी अंक असतो: इथेनॉलचा क्रमांक ६४-१७-५. शेवटचा अंक सोडून उजवीकडून ७, १, ४, ६ यांना अनुक्रमे १, २, ३, ४ ने गुणा. बेरीज ४५, एकक स्थानी ५, तोच तपासणी अंक. टंकताना अंक चुकला तर बहुतेक वेळा बाटली मागवण्याआधीच कळते.

मंजुरीच्या पायऱ्या रक्कम, निधीचा स्रोत आणि वस्तूचा प्रकार यांवर ठराव्यात, पदांच्या उतरंडीवर नव्हे. अधिकारी रजेवर असेल तर अधिकार आपोआप पर्यायी व्यक्तीकडे जावा आणि तीन दिवस हालचाल नसेल तर वरच्याकडे सूचना जावी. ‘उत्तर नाही म्हणजे मंजूर’ हा नियम मात्र कधीही घालू नये. मुदतीच्या अनुदानात प्रणालीने आदेशाच्या तारखेऐवजी माल पोहोचण्याची अपेक्षित तारीख तपासावी. अनुदान संपल्यावर आलेले उपकरण कोणत्या लेखाशीर्षात बसवायचे, हा वाद लेखापरीक्षणात हमखास निघतो.

प्रणाली सुरू करण्याचा मुहूर्त वर्षअखेरीचा नको. एक प्रयोगशाळा असलेला विभाग आणि एक प्रशासकीय कार्यालय घेऊन वर्षाच्या मध्यात सुरुवात करावी. जुने सगळे आदेश नव्या प्रणालीत ओतायचा हट्ट सोडावा. फक्त उघडे आदेश, तेही शिल्लक नगांसह, न्यावेत. करार करताना सगळी माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल आणि बदलांची नोंद प्रशासकालाही पुसता येणार नाही, या दोन अटी लेखी घ्याव्यात.

फायदा झाला की नाही हे पाहायला एकच आकडा मागावा: देयकाच्या तारखेनंतर काढलेल्या आदेशांचे प्रमाण किती? आधी माल, मग आदेश ही पद्धत चालू आहे की थांबली, ते त्यातून कळते. सहा महिन्यांनी तो खाली आला नसेल, तर मागणीपत्रे अजून देयक हाती आल्यावरच भरली जात आहेत.

— विद्यापीठीय खरेदी व लेखा कामकाजाचे जाणकार वाचक