शुभीची ट्यूब

प्रिय कुंदे,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, शिव्या दे आणि पुढे वाच. गुडघा आहे तसाच, बीपी गोळीवर.

शुभीचं कानावर आलंच असेल. चेहरा लालभडक, आग आग, गालांवर पुरळ, हनुवटीवर लव. मंजू म्हणते ऊन बाधलं. ऊन कसलं! ती तोंडाला लावते त्या ट्यूबचा फोटो मागवला: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५, मोमेटासोन ०.१. शेवटचं ते स्टेरॉइड. वांगावर डॉक्टर मोजके आठवडे देतात, रात्री, फक्त डागांवर. ही बया गोरी व्हायला दोन वेळा तोंडभर चोपडत होती. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो गं, फसगत तिथेच होते. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि लावणं थांबवलं की सगळं भडकतं. घाबरून पोरी पुन्हा तीच ट्यूब उघडतात. २०१८ पासून असली मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. हिला पार्लरवालीने दिली.

तिला सांग, मनाने एकदम बंद करायची नाही. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. टप्प्याटप्प्याने कसं सोडवायचं ते ठरवतील. तोवर ब्लीच, स्क्रब, फेशियल, लिंबू, मंजूचं डाळीचं पीठ, सगळं बंद. साधं मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडताना एसपीएफ ३०चं सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघ ओढून येईल एवढं. उन्हात असली तर दोन तासांनी परत. आणि लग्न होणारच आहे तर हेही कानात घाल: दिवस राहणार असतील तर ट्रेटिनॉइन नको.

मंजूवर तरी किती चिडायचं? बायोडाटात तिने 'वर्ण गोरा' ठोकून दिलंय. गॅदरिंगला तू राणी आणि मी दासी, ते ज्या हिशेबाने ठरलं तोच हा हिशेब. (मी विसरलेले नाही.) १९७५ला फेअर अँड लव्हली आली. तिची ती जाहिरात आठवते? बाप मुलगा नाही म्हणून सुस्कारे टाकतो, मग मुलगी क्रीम लावून हवाईसुंदरी होते. जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, २००३मध्ये ती बंद झाली. म्हणजे पोरीने मुलासारखं कमवायचं, तेही आधी उजळून! पुरुष चोरून बायकोची क्रीम लावत होते, तर २००५मध्ये त्यांच्यासाठी वेगळी काढली, फेअर अँड हँडसम. २०१४मध्ये जाहिरातवाल्यांच्याच परिषदेने सावळा माणूस दुःखी, मागे पडलेला दाखवायचा नाही असा नियम केला. २०२०मध्ये 'फेअर'चं 'ग्लो' झालं. डबीवरचा शब्द गेला, बायोडाटातला कोण काढणार?

आता शुभीचं नवं खूळ, नाक. म्हणे फेंदारलंय. अगं, फूटभर अंतरावरून सेल्फी काढली की दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. भिंगाच्या जवळ असतं ते मोठं येतं, बस. उलट कॅमेऱ्यातला ब्युटी मोड कातडी घोटून गुळगुळीत करतो, आणि पोरगी तो चेहरा आपला समजून आरशाशी भांडते. सेटिंगमध्ये जाऊन तो शून्यावर आणायला लाव. मागच्या कॅमेऱ्याने, चार-पाच फुटांवरून, खिडकीच्या उजेडात दुसऱ्या कोणाकडून फोटो काढून घे म्हणावं. बायोडाटालाही तोच लावा.

माझं ती ऐकत नाही, मी 'लेक्चर देते'. तुझं ऐकते.

तुझ्या बदलीचं काय? राजूने बी.एड. पुरं केलं की अजून सोडतोच आहे? सविस्तर लिही, माझ्यासारखी नको करूस. पण आधी शुभीला फोन कर, शनिवारच्या आत. रविवारी मंजूने तिचं फेशियल ठरवलंय.

तुझी,
शालू