ब्रिज कापला, की गाणे अर्धे राहते

महोदय,
कोरियन पॉपची गाणी हल्ली छोटी होत चालली आहेत, आणि नवे गाणे आले की चाहत्यांत दोन तट पडतात. जुन्यांना ते अर्धवट वाटते, नव्यांना नेमके. गर्ल्स जनरेशन या गटाचे २०१३ मधले ‘आय गॉट अ बॉय’ साडेचार मिनिटांचे, मध्येच लय पालटणारे. न्यूजीन्स या गटाचे २०२३ मधले ‘सुपर शाय’ २ मिनिटे ३४ सेकंदांचे. हल्ली कात्री लागते ती बहुधा दुसऱ्या ध्रुवपदानंतरच्या ‘ब्रिज’ला. चाल तिथेच वळण घेते, आवाज वर चढतो आणि मग शेवटचे ध्रुवपद अंगावर येते. हा तुकडा गेला की तेच ध्रुवपद नुसते पुन्हा वाजते. छोटे गाणे वाईट नसते, पण त्याची चाल पहिल्या वीस सेकंदांत उभी राहावी लागते.

वाद चुकतो तो ‘हानटिओ’ या कोरियातल्या अल्बम-खपाच्या तक्त्याचे आकडे फेकल्यावर. चाहते तिथला पहिल्या सात दिवसांतला अल्बमचा खप पुढे करतात. एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या निघतात, आत कोणत्या सदस्याचे फोटोकार्ड निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकच चाहता पाच-सहा प्रती घेतो. हा खप निष्ठेचा, गाण्याच्या गुणवत्तेचा नव्हे. कोरियातली सर्वसाधारण पसंती पाहायची तर ‘मेलन’ या तिथल्या गाणी ऐकण्याच्या ऑनलाइन सेवेच्या यादीत गाणे महिनाभराने कुठे आहे ते पाहावे.

आणि मत देण्याआधी गाणे एकदा व्हिडिओ बंद करून, हेडफोनवर जरूर ऐकावे. नाचाच्या झगमगाटात कच्ची चाल सहज लपते.

– एक वाचक, पुणे