मंत्रीसाहेब, मुलाचा हात 'ठरवून' कसा आणू तेवढं सांगा

मा. शिक्षणमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

परवा माझ्या मुलाचा परीक्षेत जादा वेळ मिळण्याचा अर्ज परत आला. कारण काय, तर 'माहिती अपूर्ण'. तुमच्या खात्याच्या फॉर्मवर 'लिहिण्याचा हात' असा रकाना आहे, पुढे उजवा आणि डावा असे दोन चौकोन. मी दोन्हीवर टिक केली आणि बाजूला लिहिलं की अजून ठरलेला नाही. खिडकीतले साहेब म्हणाले, सिस्टीम दोन टिका घेत नाही मॅडम, आधी हात ठरवून या.

ठरवून या म्हणे! मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, आणि फॉर्म बनवणाऱ्यानं त्याला एकदा लिहिताना बघावं अशी माझी फार इच्छा आहे. ओळ सुरू होते तेव्हा पेन्सिल डाव्या हातात असते, पानाच्या मध्यावर आला की थांबतो, पेन्सिल उजव्या हातात घेतो आणि उरलेली ओळ तिकडून पूर्ण करतो, कारण हात शरीराच्या मधून पलीकडे न्यायला त्याला जड जातं. दुसऱ्या हातानं कागद धरायचा असतो हे त्याच्या हाताला आपोआप सुचत नाही, मग कागद सरकतो, अक्षर वाकडं होतं, तो चिडून पान टराटरा फाडतो आणि टीचर रिमार्क देतात, 'बिहेवियर इश्यू'. पायाचं तेच. कुठल्या पायानं मारायचं हे ठरेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो, आणि पीटीचे सर ओरडतात, लक्ष कुठंय!

लोक कौतुकानं म्हणतात, वा, सव्यसाची आहे! अहो, दोन्ही हात तयार असले तर सव्यसाची, इथे दोन्ही कच्चे आहेत. एका हाताला पुरेसा सरावच होत नाही.

आणि हे काही आमच्याच घरातलं नवल नाही. बहुतेक मुलांचा हात चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बऱ्यापैकी पक्का होतो, जगात डावखुरे साधारण १० टक्के. पण ऑटिझममध्ये डावखुरं असण्याची किंवा दोन्ही हात आलटून पालटून वापरण्याची शक्यता साडेतीन पटीच्या आसपास जाते, २०१७ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज करून काढलेला आकडा आहे हा. २०२० मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ११ हजारांवर मुलांच्या पालकांकडून प्रश्नावली भरून घेतली, त्यात ८७ टक्क्यांच्या आसपास मुलांना हालचालींच्या समन्वयाची अडचण असण्याचा धोका दिसला, आणि फिजिओथेरपी मिळत होती साधारण तिघांतल्या एकाला. शंभरात ८७ साहेब! आणि तुमच्या फॉर्मला हे अपवाद वाटतात. ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्येच अशा मुलांच्या अवघडलेल्या हालचालींबद्दल लिहून ठेवलंय. तरी आजही तपासणीत बोलतो का, नजर देतो का हे बघतात, बटण लावता येतं का, एका पायावर उभा राहतो का, हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी २ एप्रिलला, ऑटिझम जागरूकता दिनाला, तुम्ही स्टेजवरून सांगितलं होतंत की प्रत्येक शाळेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे लिहिणं, बटण लावणं अशी रोजची कामं शिकवणारा तज्ज्ञ, देणार. मी खाली बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या शाळेत अजून कुणी आलेलं नाही, निळी फुग्यांची कमान मात्र आली होती, फोटो छान आले तुमचे. तोवर थेरपिस्ट मीच. नोकरी सोडली, रात्री होमवर्क संपेपर्यंत तोही रडतो आणि मीही, माझी मान कायमची धरलीय, नवऱ्याशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं ते आठवत नाही, आणि नातेवाईक सल्ला देतात की डावा हात बांधून ठेव, आपोआप उजव्याची सवय लागेल. आता तुमची खिडकीही वेगळ्या शब्दांत तेच सांगतेय.

मागतेय काय मी? त्या रकान्यात 'दोन्ही / ठरलेला नाही' असा एक चौकोन. टाईप करून उत्तरं द्यायची परवानगी. ऑटिझमचं निदान होतं त्याच वेळी हातापायांची तपासणी. खात्यासाठी खरं तर डाव्या हाताचा मळ. पण आरोग्य खातं म्हणतं शिक्षणाकडे जा, शिक्षण म्हणतं समाजकल्याणकडे, समाजकल्याण म्हणतं आधी आरोग्याचं सर्टिफिकेट आणा, सगळ्यांनी हात झटकलेले. टॅब खरेदीला पैसे असतात, ॲपच्या उद्घाटनाला असतात, पेन्सिल धरायला शिकवणारा माणूस नेमायचा म्हटलं की पद मंजूर नाही. कर भरताना मात्र आमचा कुठलाही हात चालतो तुम्हाला.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. उत्तर त्याआधी पाठवा, आणि कृपा करून त्यात 'सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल' हे वाक्य नको, त्याची तीन पत्रं फाईलला लावून ठेवलीत.

आपली,
एक आई