प्रभुभोजन टाळू नकोस, बेटा

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू जाता जाता बोलून गेलास की हल्ली प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळे मिळून घेतात ती भाकर आणि प्याला तू नुसता शेजारच्याकडे सरकवतोस, स्वतः घेत नाहीस, कारण प्रार्थनेत काही वाटतच नाही आणि देव बहुतेक तुझ्यावर नाराज असणार. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मी बोलायला लागलो की त्याचा उपदेश होतो आणि मग तू नुसता "हो पप्पा, हो पप्पा" करतोस. म्हणून लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घे.

आधी प्रभुभोजनाचं. तू घाबरलायस ते बायबलमधल्या 1 करिंथ 11 मधल्या वचनाला, अयोग्य प्रकारे खाण्याबद्दलच्या. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे कोणाला झापतोय ते बघ ना. करिंथच्या मंडळीतले, म्हणजे तिथल्या चर्चमधले काही लोक आधीच खाऊन पिऊन मोकळे व्हायचे, प्यायलेले असायचे, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते बिचारे उपाशी, त्यांची लाज काढल्यासारखं. त्यावर तो चिडलाय. मनात शंका असणाऱ्याबद्दल तिथे काही नाहीच. आणि 28 व्या वचनात काय आहे, तर आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून उठून जावं असं कुठे लिहिलंय?

पण मला वाटतं तुझं खरं दुखणं वेगळंच आहे. देवाचं प्रेम किती उरलंय हे तू रोज स्वतःच्या मनात डोकावून बघतोयस, मोबाईलचा बॅलन्स चेक करावा तसं. हे कोणी शिकवलं माहीत नाही. म्हणजे थोडं माहीत आहे, आपल्याकडच्या साक्षी, म्हणजे चर्चमध्ये उभं राहून सांगितलेले विश्वासाचे अनुभव, अशाच असतात, रडलो, प्रार्थना केली, शांती मिळाली, संपलं. ते खोटं असतं असं नाही म्हणत मी, पण ज्याला अजून शांती मिळाली नाही तो कधी माईकवर येतच नाही ना.

बायबलमधलं विलापगीत काढ. यरुशलेम बाबेलच्या लोकांनी पाडलं, इ.स.पू. 586 च्या आसपास, मंदिर जळलं, लेकरं भुकेने रस्त्यात कोसळतायत, आणि त्यात ते लिहिणारा माणूस तिसऱ्या अध्यायात 18 व्या वचनात सरळ म्हणतो की माझी परमेश्वरावरची आशा गेली. आणि चारच वचनांनंतर तोच म्हणतो की परमेश्वराच्या करुणेला खंड नाही, ती रोज सकाळी नवी होते. मधे काय घडलं? काहीच नाही, शहर तसंच पडलेलं. त्याला फक्त आठवलं, तो स्वतःच म्हणतो की हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. त्याला छान वाटायला लागलं असं कुठेही नाही. आणि गंमत अशी की हे पुस्तकाच्या मधोमध आहे, शेवटी नाही, पुढे परत रडणं सुरू होतं आणि पाचव्या अध्यायाचा शेवट तर तू आम्हाला कायमचं टाकलंस का अशा सुरात होतो. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी कापून टाकलं नाही. तुझा प्रश्न तिथे आधीच छापलेला आहे बघ.

रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय तुला पाठ आहे, पण पौलाने ते लिहिलं तोपर्यंत त्याला पाच वेळा एकोणचाळीस फटके बसलेले, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलेलं. तेव्हा क्लेश, उपासमार, तलवार यातलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करणार नाही हे तो आरामात बसून लिहीत नाहीये. आणि यादीच्या शेवटी "दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू" म्हणतो. तू पण सृष्ट वस्तूच आहेस ना बाळा? मग तुझं कोरडं पडलेलं मनही त्यात आलं.

मग काहीही करा, प्रेम आहेच, असं का? नाही. पौलालाही हेच विचारायचे लोक, रोम 6 वाच, तिथे त्याने चांगलं सुनावलंय. पण तुझा तो प्रॉब्लेम नाही. ज्याला काही फरक पडत नाही तो प्याला हातात घेऊन असा अडखळत नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं मला फार आवडतं. लूक 22 मध्ये येशू त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. हे कोंबडा आरवायच्या आधी, नाकारायच्या आधी. येशूला पकडून नेल्यावर पेत्र शेकोटीपाशी मी त्याला ओळखत नाही म्हणत होता तेव्हा ती विनंती केलेली होतीच, आणि पेत्राला त्या क्षणी ती आठवतही नसणार.

तर पुढच्या वेळी घे. काही वाटलं नाही तरी घे. आणि स्तोत्र 88 वाचून ठेव, ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलाच दिलासा नाही. तुला कदाचित आवडणार नाही, तुझ्या मम्मीला तर अजिबात आवडत नाही, पण त्यावर मला तुझ्याशी बोलायचंय, तेव्हा फोन जरा निवांत वेळ काढून कर.

तुझा,
पप्पा