चिकूच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

चिकू आता भाकरीचा तुकडा स्वतः पकडून खातो. हे तुम्हाला कळवायचं होतं म्हणून लिहायला बसले, आणि लिहिताना अजूनही डोळे भरून येताहेत.

डॅशहंड जातीच्या कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू ते. खाता खाता थबकायचं, मान वाकडी करून भांड्यापासून मागे सरायचं. एका दवाखान्यात तोंड नीट न बघताच सांगितलं, "दुधाचे दात आहेत, पडतील आपोआप." दुसरीकडे तर सुळ्यांची टोकं कटरने छाटून देतो म्हणाले, तेही भूल न देता! टोक छाटलं की आतली नस उघडी पडते, कळ मारते, पुढे दात सडतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला. इतक्या लहान जिवाच्या बाबतीत लोक इतके बेफिकीर कसे होऊ शकतात?

तुम्ही त्याला टेबलावर घेतलंच नाही. चपला काढून सरळ फरशीवर मांडी घालून बसलात, हात उताणा ठेवलात आणि गप्प राहिलात. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी घाई नाही. तो आपणहून आला, बोटं चाटली, मग तुम्ही अलगद ओठ उचललात. खालचे दोन्ही सुळे आत वळून टाळूत रुतले होते, तिथे दोन लालभडक खड्डे पडले होते. तुम्ही आधी आमच्याशी नाही, त्याच्याशी बोललात: "किती दुखत असेल रे बाळा तुला." त्याला दुखतंय, हे तोवर कुणी मानलंच नव्हतं. मॅडम, मला त्या एका वाक्यानेच निम्मा धीर आला.

सुळे टाळूत असे अडकले की खालच्या जबड्याला पुढे वाढायला वाव मिळत नाही, म्हणून ते आताच काढायला हवेत, पाच-सहा महिन्यांचा होऊन पक्के सुळे येईपर्यंत थांबून चालणार नाही, हे तुम्ही माझ्या सासूबाईंनाही समजेल असं सांगितलंत. काढलेला दात दाखवलात तेव्हा थक्क झालो. बाहेर दिसणाऱ्या दाताहून मूळच कितीतरी लांब, बाकदार! त्याला खेटूनच पक्क्या दाताचा अंकुर असतो, म्हणून एक्स-रे काढून इतक्या जपून काम केलंत.

मुक्या जिवाचं दुखणं आधी खरं मानायचं, मग उपाय शोधायचा, एवढी माणुसकी असली तर किती पिल्लांचे हाल वाचतील!

टाळूचे खड्डे भरून आलेत. पक्के सुळेही वाकडे येऊ शकतात, हे तुम्ही बजावलंय, ते फुटायला लागले की लगेच दाखवायला आणते. आणि हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो म्हणून त्याची पिल्लं काढायची नाहीत, हेही घरात सगळ्यांनी मान्य केलंय.

तुमची,
चिकूची आई