ट्रेलरच्या पाण्याबद्दल

परळ, मुंबई
कोजागरीनंतरचा मंगळवार

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास की लाइन तुटली, यावर घरात दोन मतं आहेत. आई म्हणते लाइन तुटली. असो. त्या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही असं तिला कबूल करूनच लिहायला बसलोय. हे पत्र फक्त गाडीमागे जोडून फिरायच्या तुझ्या ट्रेलरच्या पाण्याबद्दल आहे, थंडीआधी ते कसं काढायचं त्याबद्दल.

ट्रेलरचं जे पुस्तक तू मागे मोबाइलवर पाठवलं होतंस, ते खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. पण सगळी नोकरी पाणीखात्यात चावीवाला म्हणून गेली, नकाशात व्हॉल्व कुठे आहे ते मला कुणाला विचारावं लागत नाही. पेन्सिलीने खुणा केल्यात, फोटो वेगळे पाठवतो.

तुझ्या गावचं हवामान रोज बघतो. या आठवड्यात रात्री शून्याखाली जाणार म्हणतात. आपल्याकडे सांताक्रूझला 1962 च्या जानेवारीत पारा 7.4 वर आला होता, तेवढ्या थंडीच्या गोष्टी अण्णा जन्मभर सांगत राहिले. तुमच्या मिनेसोटात जानेवारीतली उणे वीसची रात्र म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. अशात माणसाने पत्र्याच्या खोक्यात... जाऊ दे. पाण्याबद्दल.

पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं. बर्फ जिथे धरतो तिथेच पाइप फुटतो असं नाही. बर्फाची गुठळी आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी सापडतं, त्याला पळायला वाट नसते. दाब चढत जातो आणि जो सांधा कच्चा तो जातो. तुझे पाइप पेक्सचे, म्हणजे लवचीक प्लास्टिकचे आहेत, ते थोडं ताणून घेतील. एल्बो, नळाची बॉडी, पंपाचं डोकं, यांना ते सोसत नाही. आणि हे कळणार कधी, तर एप्रिलमध्ये पाणी चढवल्यावर, खालची फळी भिजून फुगली की.

आधी गीझर. वीज आणि गॅस दोन्ही बंद करून रात्रभर थंड होऊ दे. मग गरम पाण्याचा एक नळ उघडून दाब काढ, आणि त्यानंतरच बाहेरच्या बाजूचा ड्रेन प्लग खोल. घाई केलीस तर कढत पाणी थेट अंगावर येईल. प्लगला लांब सळई असेल तर ती नीट बघ. टाकीच्या ऐवजी गंजाने तिला खावं म्हणूनच ती ठेवलेली असते. फार झिजली असेल तर नवी घाल, दहा दुकानं फिरायला लागली तरी.

मग ताज्या पाण्याची टाकी, आणि मग फरशीखालच्या अगदी तळाच्या दोन चाव्या, एक गरमची, एक थंडची. त्या सोडताना आतले सगळे नळ उघडे ठेव, वरून हवा शिरली नाही तर पाणी मध्येच लटकून राहतं. मोरीच्या पाण्याची टाकी आणि संडासाची टाकी डंप स्टेशनवर, म्हणजे ट्रेलरची घाण सोडायच्या जागी, रिकामी करून धुऊन घे. थंडीत बरीच डंप स्टेशनं बंद असतात, म्हणून ते याच आठवड्यात.

हवेचं खरं तर तुला सांगायला नको. पहाटेचं पाणी सोडायला तू माझ्याबरोबर यायचीस, आईचा ओरडा खाऊन. चेंबरचं झाकण सरकवलं की तू बॅटरी धरायचीस आणि मी ती लोखंडी टी खाली चौकोनी स्पिंडलवर बसवायचो. आटे मोजायचं काम तुझं. एवढं हळू का फिरवता, म्हणायचीस. झटक्यात सोडलं की लाइनीला हातोडा बसतो, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. चाळीतले नळ आधी नुसते फुसफुसायचे, मग गढूळ लालसर पाणी, मग स्वच्छ धार. तू त्याच क्रमाने तोंडाने आवाज काढत घरी यायचीस आणि भोसलेकाकू पिंप सरकवता सरकवता हसायच्या. चावीवाल्याची पोरगी म्हणून शाळेत तुला चिडवायचे. त्याच पोरीने चोवीस फुटी ट्रेलर एकटीने रिव्हर्समध्ये दोन झाडांच्या मधे लावला, तो व्हिडिओ मी नाक्यावर सगळ्यांना दाखवलाय. सावंत म्हणाला, आपल्या खात्याच्या टँकरवाल्यांना जमणार नाही. आईला वाटतं मी तुझं कौतुक करत नाही.

पाणी निघालं म्हणजे काम झालं असं समजू नकोस. वाकणांत, पंपात थोडं राहतंच. तिथे ते गुलाबी अँटिफ्रीझ लागतं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, आरव्हीसाठी, म्हणजे अशाच फिरत्या घरांच्या गाड्यांसाठी, म्हणून वेगळं मिळतं ते. गाडीच्या रेडिएटरचं बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं. ते विष आहे, चवीला गोड असतं म्हणून जास्तच वाईट. ते या पाइपांत जाता कामा नये. फिल्टरची कांडी काढून ठेव. गीझरचा बायपास फिरव, नाहीतर सहा गॅलनची टाकी, म्हणजे जवळजवळ 23 लिटर, उगाच त्या औषधाने भरत बसशील. बायपास असला की दोन-तीन गॅलनमध्ये भागतं. पंपाची ओढनळी बाटलीत सोड, पंप चालू कर आणि एकेक नळ गुलाबी येईपर्यंत उघड, गरम वेगळा, थंड वेगळा. शॉवर, संडासाचा फ्लश, आणि बाहेरच्या बाजूला पाय धुवायचा शॉवर आहे ना, तो लोक हटकून विसरतात. शेवटी प्रत्येक मोरीच्या ट्रॅपमध्ये कपभर ओत.

कंप्रेसर लावून हवेने काढतो असं कुणी म्हणालं तर दाब तीन किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. तुमच्या मापात चाळीस पीएसआय धर. वर गेलीस की सांधे बर्फाआधी तूच तोडशील.

एवढं केलंस की ट्रेलर थंडीभर सुखाने उभा राहील. मात्र त्यात माणसाला राहता येत नाही. नळ नाही, आंघोळ नाही, संडासाला पाणी नाही. हे आपलं सहज लिहिलं.

सहज नाही लिहिलं. महिनाअखेर घर सोडतेय म्हणालीस, पुढे कुठे ते बोलली नाहीस, आणि मी विचारलं तर चिडलीस. हौसेने थंडीत ट्रेलरमध्ये राहणारे लोक असतात, मला माहीत आहे. ते टाक्यांना हीटर लावतात, खालून चारी बाजूंनी स्कर्ट घालतात, गॅस किती उरलाय ते रोज बघतात. पण रात्री थंडी वाजली म्हणून शेगडी पेटती ठेवून कुणी झोपलं तर? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुझा तो डिटेक्टर वाजतो का, बटण दाबून बघितलंस का कधी? त्याची मुदतही संपते, मागे तारीख असते ती वाच. आणि खिडकी जरा... बघ, पुन्हा सुरू झालो. आई बाजूला बसून भाजणी चाळतेय आणि माझ्याकडे बघतेय. माफ कर. तू इंजिनिअर आहेस, मी चाव्या फिरवणारा.

मंदारबद्दल मी काही विचारणार नाही. त्याच्या आईचा फोन अजून येतो, आई घेते, मी बाहेर गॅलरीत जातो. ट्रेलर दोघांनी मिळून घेतला होता, आता तो तुझ्या एकटीच्या नावावर आहे एवढं कळलं. बरं झालं की वाईट, ते तुलाच माहीत. पण ट्रेलर जवळ आहे म्हणून घर नको, असा हिशेब असेल तर तो मला पटलेला नाही. सुलूमावशीचा पराग शिकागोत आहे, तुझ्यापासून सहा तासांवर. त्याला मी काही बोललेलो नाही. सुलूला बोललोय.

पैशांचा प्रश्न असेल तर ग्रॅच्युइटीतलं थोडं अजून बँकेत पडून आहे. दादाला सांगायची गरज नाही.

फराळाचं पार्सल गुरुवारी टाकायचंय. चकल्या, शंकरपाळे, तुझ्या आवडीचा चिवडा, खोबऱ्याचे काप जास्त घालून. पत्ता कुठला घालू ते उद्या रात्रीपर्यंत कळव. भिंती असलेला पत्ता दे.

तुझे,
बाबा

ता. क. टाकी रिकामी असताना गीझरचं बटण चुकून दाबलं गेलं तर एलिमेंट जळतो. बटणावर चिकटपट्टी लाव आणि वर मार्करने लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल, वाचणारी तूच आहेस.